पारा उतरला तरी जपायलाच हवं

मे महिन्यात या पानाकडे येणारी पत्रं लूबद्दल असतात. जून लागला की त्यांचा सूर बदलतो : तापमान तर कमी झालं, मग जीव असा का गदमदतो? या वेळी मुद्दाम अशीच पत्रं निवडली आहेत. नागपूरकर मे महिन्याला घाबरून असतो आणि ते योग्यच आहे. पण नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यांत तापणारे नऊ दिवस, सरल्यापासून पाऊस नीट बसेपर्यंतचे जे दिवस असतात, त्यांत आपण फार सैल सोडतो. दवाखान्यात मी हे दर वर्षी बघते आणि दर वर्षी कळवळून सांगते.

प्रश्न : वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. मे महिनाभर कूलरवर छान झोप लागली. आता मोबाइल ३८ दाखवतो, पण कूलर लावला की अंग चिकचिक करतं, गादी ओलसर लागते, बरणीतलं मीठसुद्धा पाझरलं. पाच महिन्यांच्या बाळाच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या आल्यात. सासूबाई म्हणतात, बाळाला मधूनमधून साखरपाणी पाज. मिस्टर म्हणतात, ४६ सोसलं, ३८ला काय घाबरायचं? — एक वाचक, मानेवाडा

ताई, तुम्हाला जे जाणवतंय ते अगदी खरं आहे. आपलं शरीर थंड राहतं ते घाम वाळल्यामुळे. नुसता घाम सुटून काही होत नाही. एक लिटर घाम कातडीवर वाळला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. तोच घाम हनुवटीवरून टपकला किंवा गादीत मुरला, तर अंगातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र आतच राहते. मे महिन्यात आपल्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचा टॉवेल बघता बघता कडक होतो. घामही तसाच उडून जातो, कित्येकदा तो आला होता हेही कळत नाही. जूनमध्ये समुद्राकडून बाष्प यायला लागतं आणि तोच टॉवेल संध्याकाळपर्यंत दमट राहतो. घरात आर्द्रता मोजायचं यंत्र नसेल तर टॉवेलकडे लक्ष ठेवा, तेवढं पुरतं.

तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला की तो जो आकडा दाखवतो, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घाम वाळवून अंग किती थंड होऊ शकेल, याचा अंदाज त्यावरून येतो. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा येतो सुमारे २४. हवा ३८ अंश आणि आर्द्रता ५५ टक्के असेल तर तो जातो ३०च्या आसपास. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात धडधाकट तरुण मुलामुलींवर चाचण्या झाल्या. दमट हवेत वेट बल्ब ३०-३१च्या घरात गेला की हलकी हालचाल करतानाही त्यांच्या शरीराचं तापमान चढतच राहिलं, आवरेना. तान्ह्या बाळाचं आणि म्हाताऱ्या माणसाचं शरीर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतं. मिस्टरांना हे आकडे जरूर वाचून दाखवा.

कूलरचीही गोष्ट हीच आहे. कूलर हवेत पाणी उडवून ती थंड करतो, आणि कितीही चांगला असला, खस कितीही नवी असली, तरी वेट बल्बच्या खाली हवा नेऊ शकत नाही. मे महिन्यात त्याला उतरायला भरपूर वाव होता. आता वाव उरलेला नाही, आणि वर तो खोलीत बाष्प भरतोय. म्हणून पंप बंद करा आणि नुसता पंखा चालू ठेवा. कूलरसमोरचं दार किंवा खिडकी सताड उघडा, म्हणजे आतली दमट हवा बाहेर ढकलली जाईल. बरेच जण गारवा टिकावा म्हणून दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात. मे महिन्यातही ते चूक आहे, जूनमध्ये तर खोलीचं न्हाणीघर होतं.

पंप बंद केलात की टाकीत पाणी साठवून ठेवू नका. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. टाकी रिकामी करून आतल्या भिंती ब्रशने घासा, कारण अंडी पत्र्याला चिकटून कोरडीही तग धरतात. आणि पाणी भरताना, टाकी धुताना, पत्र्याला हात लावताना आधी प्लग उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरला हात लावल्याने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात, घरातल्या बायका आणि लहान मुलं त्यांत असतात. अर्थिंग तपासून घ्यायला इलेक्ट्रिशियनला उद्याच बोलवा.

आता बाळ. सासूबाईंची माया मला समजते, पण पाच महिन्यांच्या बाळाला पाणी नको आणि साखरपाणी तर मुळीच नको. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, कडक उन्हाळ्यातही पुरतं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. पाण्याने इवलंसं पोट भरतं, दूध कमी जातं, आणि पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. बाळाला एरवीपेक्षा जास्त वेळा अंगावर घ्या, आणि पाणी, ताक, पन्हं तुम्ही स्वतः प्या. दिवसाकाठी सहा तरी दुपटी ओली होत असतील तर दूध पुरतंय असं समजा. घामोळ्यांवर पावडर थापू नका. ती घामाची तोंडं बुजवते आणि बाळाच्या श्वासातही जाते. अंगाखालचं मेणकापड काढून जुन्या मऊ लुगड्याची घडी घाला, दिवसातून दोनदा साध्या पाण्याने अंग पुसा आणि मानेच्या वळ्या कोरड्या करा. फोडांत पू दिसला, ताप आला किंवा बाळ दूध ओढेनासं झालं तर लगेच दाखवायला न्या.

प्रश्न : रोज दुचाकीवरून हिंगणा एमआयडीसीत जातो. आई खिशात कांदा ठेवायला लावते. त्याने लू खरंच लागत नाही का? — एक वाचक, प्रतापनगर

खिशातल्या कांद्याने शरीराचं तापमान उतरत नाही. आईच्या समाधानासाठी ठेवा आणि जेवताना खा. तुम्हाला लक्ष द्यायचंय ते वाऱ्याकडे. हवा ४० अंशांच्या वर असली की अंगावर येणारा झोत गारवा देत नाही, उलट तापवतो. म्हणून मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा घाला, दुपट्टा पाण्यात भिजवून, पिळून तोंडाला आणि मानेला गुंडाळा, आणि निघण्याआधी दोन ग्लास पाणी पिऊन निघा. चिमूटभर मीठ घातलेलं पन्हं सोबत असेल तर उत्तम.

प्रश्न : मी पुण्यात असतो. आई-वडील महालातल्या जुन्या घरात दोघंच. बाबा ७४ वर्षांचे, हृदयाचे रुग्ण. रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत लघवी जास्त होण्याची गोळीही आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय आणि इकडे सगळे म्हणतात भरपूर पाणी प्या. फोनवर बाबा नेहमी "मी ठीक आहे" म्हणतात. कुणाचं ऐकायचं? — एक मुलगा

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार, कारण या पेचात नागपुरातली शेकडो घरं असतील. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला सरसकट सगळ्यांना लागू नाही. ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे, त्यांना जास्तीचं पाणी दम लावू शकतं. ओआरएसमध्ये मीठ असतं, तेही त्यांना वाटेल तेवढं चालत नाही. पण दुसरी बाजूही आहे. म्हातारपणी तहान कमी लागते, घाम उशिरा आणि कमी सुटतो. लघवीची गोळी पाणी बाहेर काढत राहते, आणि हृदयाची गती आवरणाऱ्या काही गोळ्यांमुळे कातडीकडे रक्त पाठवून अंग निववण्याची ताकद घटते. ॲलर्जीच्या, लघवीवर ताबा ठेवणाऱ्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या तर घामच कमी करतात. बाबा खोकल्या-सर्दीची एखादी गोळी आपल्या मनाने घेत असतील तर तीही विचारून घ्या.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि नेमकं विचारा : या उकाड्यात लघवीच्या गोळीचा डोस आणि पाण्याची मर्यादा किती ठेवायची? खरं तर हे विचारायचा महिना मार्च-एप्रिल. बाबांना रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायला सांगा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा. दोन दिवसांत दीड-दोन किलो घटलं तर अंगातलं पाणी कमी पडतंय, तेवढंच वाढलं तर साठतंय. दोन्ही वेळा डॉक्टरांना कळवायचं. पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, हेही विचारा.

पाणी पोटात घालायला मर्यादा आहे, अंगावर घालायला नाही. पाणी मोजून पिणाऱ्या माझ्या सगळ्या म्हाताऱ्या रुग्णांना मी हे करायला लावते. एक बादली, एक सुती पंचा. हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत आणि मान ओल्या पंच्याने पुसायची, पुसून कोरडी करायची नाही, आणि पंख्याखाली बसायचं. वाळलं की पुन्हा. या ओलीमुळे घामाचं काम होतं आणि शरीराला स्वतःचं पाणी खर्चावं लागत नाही. उमस असली की वाळायला वेळ लागतो, तरी उपयोग होतोच. दुपारी टीव्ही बघताना पाय साध्या पाण्याच्या टबात ठेवून बसले तरी चालेल. उठताना घसरू नये म्हणून खाली पोतं टाका.

महालातल्या जुन्या घराच्या भिंती जाड असतात, त्याचा फायदा घ्या. दिवसा खालच्या मजल्यावर, आतल्या खोलीत राहावं. पण स्लॅब किंवा टिन तापलेलं असेल तर घर सगळ्यांत जास्त तापतं ते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. म्हणून तुमचा फोन संध्याकाळी सहा-सातला जायला हवा. "बरे आहात ना?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलंच आहे. विचारा, दुपारपासून लघवीला किती वेळा गेलात, रंग कसा होता, जेवण काय झालं, आईला फोन द्या. बोलताना शब्द अडखळले, एरवी न विसरणारी गोष्ट विसरली, चिडचिड झाली, तर शेजाऱ्यांना लगेच दारात जायला सांगा. त्यासाठी घराची एक किल्ली शेजारी ठेवायला आजच सांगा. म्हातारी माणसं "उगाच कुणाला त्रास कशाला" म्हणून हे टाळतात. तुम्ही मुलगा आहात, थोडा हट्ट करा.

जमत असेल तर त्यांच्या झोपायच्या खोलीत एसी बसवा. उकाड्याच्या रात्री शरीराला विसावाच मिळाला नाही तर दुसरा दिवस थकलेल्या हृदयाने सुरू होतो. उमसेत खोली खऱ्या अर्थाने कोरडी आणि गार करणारं घरातलं यंत्र तेवढंच आहे, आणि चार-पाच तास जरी चाललं तरी जिवाला आधार होतो. ही चैन आहे असं मी हृदयाच्या रुग्णाच्या बाबतीत कधीच म्हणणार नाही.

प्रश्न : मोबाइल एक तापमान सांगतो, पेपर दुसरं. मागे तर नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी होती. नक्की खरं काय मानायचं? — एक वाचक, धंतोली

ती बातमी ३० मे २०२४ची. एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं, आणि तिथला सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. खात्याचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो, जमिनीपासून साधारण सव्वा-दीड मीटर उंचीवरचा. सीताबर्डीच्या डांबरावर भर दुपारी उभ्या माणसाला ऊन आणि रस्त्याची धग वेगळी सोसावी लागते. आपल्यासारख्या मैदानी भागात ४५ अंश गाठले की उष्णतेची लाट आणि ४७ला तीव्र लाट धरतात. आकड्याच्या वादात न पडता इशारा पिवळा, नारंगी की लाल ते बघा, आणि जूनमध्ये तापमानाशेजारी आर्द्रताही वाचा.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. वीज गेली की फ्रीज बंद पडतो. इन्सुलिन माठाजवळ ठेवलं तर चालेल का? — एक वाचक, जरीपटका

कोरड्या उन्हाळ्यात चालतं. मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मडकं, मधल्या फटीत वाळू, वाळू सतत ओली, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वारा लागेल असं. इन्सुलिन आधी कोरड्या डब्यात घालून मग मडक्यात ठेवा. पण उमस सुरू झाली की कूलरसारखंच मडकंही कमी पडतं. तेव्हा बर्फ भरलेल्या थर्मासचा आधार घ्या, मात्र बर्फ इन्सुलिनला थेट लागू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. वीज थोडाच वेळ जात असेल तर फ्रीजचं दार न उघडणं हेच पुरेसं आहे. दुचाकीच्या डिक्कीत तर एक मिनिटही नको.

प्रश्न : मी लहान ठेकेदार आहे. बेसा भागात साइट चालू आहे. मागच्या आठवड्यात बालाघाटकडचा एक नवा मुलगा, कामाचा दुसराच दिवस, दुपारी असंबद्ध बोलायला लागला. आम्हाला वाटलं पिऊन आलाय. सावलीत निजवलं, तापाची गोळी दिली. तासाभराने बेशुद्ध पडला तेव्हा दवाखान्यात नेलं. वाचला, आता गावी गेलाय. घाम तर भरपूर येत होता, मग उष्माघात कसा? साइटवर काय ठेवू? — एक वाचक

भाऊ, तुम्ही लपवलं नाहीत, लिहून विचारलंत, याचं मोल मोठं आहे. घाम थांबला म्हणजेच उष्माघात, हा समज फार पसरलेला आहे. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसात बहुधा तसं होतं. राबणाऱ्या तरुणाला मात्र अंग घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. खूण बघायची ती डोक्याची : भलतंसलतं बोलणं, झोकांड्या, भांडकुदळपणा, झटका, शुद्ध हरपणं. उन्हात राबणारा माणूस असा वागला तर पिऊन आलाय असं समजू नका, उष्माघातच समजून कामाला लागा.

तापाची गोळी इथे निरुपयोगी आहे. आजाराच्या तापात मेंदूच तापमान वर चढवतो, गोळी त्याला खाली आणायला लावते. उष्माघातात मेंदूने तापमान चढवलेलंच नसतं, बाहेरच्या आणि कष्टाच्या उष्णतेने शरीर शिजत असतं. त्याला पाणीच हवं, आणि तेही ताबडतोब. एकाने १०८ला फोन करायचा. बाकीच्यांनी त्याला सावलीत ओढून कपडे काढायचे आणि क्युरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवायला) आणलेल्या पाण्याचा पाइप डोक्यापासून पायापर्यंत धरायचा. पाइपातलं तापलेलं पाणी आधी वाहून जाऊ द्या. हौद असेल तर गळ्यापर्यंत आत बसवा, दोघांनी खांदे घट्ट धरून. सोबत पुठ्ठ्याने जोरात वारा घाला, बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून मान, काखा, जांघा इथे ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. गाडी येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात शरीराचं तापमान ३९च्या खाली आलं तर मेंदू, मूत्रपिंड, यकृत वाचण्याची शक्यता खूप वाढते. मेडिकल असो की मेयो, या सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर जे पहिलं करतील ते तुमच्या साइटवर आधीच सुरू झालेलं असेल.

तो मुलगा नवा होता, दुसराच दिवस होता, आणि यातच सगळं आलं. शरीराला उन्हाच्या कामाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्शाइतकंच काम द्या आणि रोज तेवढंच वाढवत न्या. आठ-पंधरा दिवस गावी राहून आलेला जुना मजूरही नव्यासारखाच धरा, त्याची सवय मोडलेली असते. नव्याला जुन्यासोबत जोडीने लावा, कारण आपल्याला होतंय हे ज्याला होतं त्याला कळत नाही.

पाणी हाताच्या अंतरावर हवं. तीन मजले उतरून कोणी पाणी प्यायला जात नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास, पण तासाला दीड लिटरच्या वर नाही, नुसतं पाणीच ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. ओआरएसचं पाकीट असेल तर त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घाला. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दुपारच्या जेवणासोबत ताक दिलंत तर पोरं आवडीने पितील.

काम पहाटे सुरू करून बाराच्या आत थांबवा, मग चारनंतर. स्लॅब भरताना मध्ये थांबता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तो संध्याकाळी उशिरा किंवा रात्री धरा. ४० अंशांच्या वर काँक्रीटलाही जपावं लागतं, पाणी उडून तडे जातात. तुमचा इंजिनिअरही रात्रीलाच पसंती देईल. जूनमध्ये ढग आले की दुपारची सुट्टी बंद करण्याचा मोह होतो. सावली असते, पण घाम वाळत नसतो, आणि सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंच्या) खाली वारा अजिबात नसतो. पाऊस बसेपर्यंत ती सुट्टी चालू ठेवा.

आणि गावी गेलेल्या त्या मुलाला आज फोन करा. लघवी कमी होते का, काळपट चहासारखी होते का, मांड्या-पोटऱ्या दुखतात का, डोळे पिवळे दिसतात का, हे विचारा. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात रक्त आणि लघवी तपासून घ्यायला सांगा, कारण उष्माघातानंतर मूत्रपिंड आणि यकृत काही दिवसांनीही दगा देऊ शकतात. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय त्याला उन्हाच्या कामाला लावू नका, आणि घेतलंत तर पुन्हा पाचव्या हिश्शापासूनच. तोवर त्याची मजुरी चालू ठेवता आली तर ठेवा, नाहीतर पोटासाठी तो चार दिवसांत दुसऱ्या कुठल्या तरी साइटवर उभा राहील.